गिटारमधून पेटी, सारंगी, ऑर्गन काढायचाय? आधी सुराचं तोंड कापा

आमच्या सोसायटीच्या गणपतीत पेटी वाजवणारे काका एका वर्षी मधेच गावी गेले, आरतीला नुसत्या झांजा, ढोलकी आणि सगळ्यांचे आपापल्या पट्टीतले आवाज, मग मला सांगितलं की तू गिटार घेऊन ये. माझ्याकडे एक ऑक्टेव्ह पेडल (मूळ सुराला वरचं-खालचं सप्तक जोडणारी, पायाने दाबायची डबी) होतं आणि कोरस (एकाच सुराचे किंचित वेगळे दोन आवाज करणारं पेडल) होता, दोन्ही लावले, वाटलं पेटीसारखं काहीतरी निघेल. नाही निघालं. म्हणजे आवाजाचा रंग पेटीच्या बऱ्यापैकी जवळ जात होता, पण प्रत्येक सुराच्या सुरुवातीला तारेचा तो टण् असा आवाज यायचा, आणि तो एकदा आला की ऐकणाऱ्याला पुढचं सगळं गिटारच वाटतं, मग मागे कितीही पेडलं लावा.

त्या रात्री घरी बसून बराच वेळ नॉब फिरवले आणि शेवटी जमलं ते नवीन पेडलने नाही, गिटारचा व्हॉल्यूम नॉब शून्यावर ठेवून तार छेडली आणि मग करंगळीने आवाज वर आणला तेव्हा जमलं. तेव्हापासून मी पेटी, सारंगी, ऑर्गन, तुतारी, सतार असं बरंच काही गिटारमधून काढायचा प्रयत्न केलाय आणि जे हाताला लागलंय ते इथे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे: वाद्य कुठलं ते कान बऱ्याच अंशी सुराच्या सुरुवातीवरून ओळखतो. सूर कसा जन्माला येतो आणि नंतर वाजवणारा त्याच्याशी काय करतो, या दोन गोष्टी जमल्या तर मधल्या रंगात थोडं कमीजास्त असलं तरी चालतं. लोक उलट करतात, रंगामागे लागतात, पेडलं विकत घेत राहतात, आणि पिकचा ठोका तसाच ठेवतात.

हे काही माझं डोकं नाही. पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफेर नावाचा माणूस होता, त्याने १९४८ मधे घंटेच्या आवाजाचं रेकॉर्डिंग घेऊन ठोका पडतो तेवढा भाग काढून टाकला, तर उरलेला आवाज घंटेचा वाटेनाच, फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा लागायला लागला. हा प्रयोग तुम्ही आज घरी फुकटात करू शकता आणि एकही पेडल घ्यायच्या आधी नक्की करा. गिटारवर एक लांब सूर वाजवून फोनवर रेकॉर्ड करा, कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमधे उघडा, पहिला पाव सेकंद सिलेक्ट करून उडवा, उरलेल्याच्या सुरुवातीला थोडा फेड इन द्या आणि ऐका. हे एकदा कानाने ऐकलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

आता हाच पाव सेकंद लाइव्ह वाजवताना कसा उडवायचा. तीन रस्ते आहेत. पहिला गिटारचा व्हॉल्यूम नॉब, स्ट्रॅटसारख्या गिटारवर तो तारांच्या अगदी जवळ असतो म्हणून करंगळी पोचते, लेस पॉलवर हात लांब न्यावा लागतो आणि त्रास होतो. दुसरा व्हॉल्यूम पेडल, हा मला सगळ्यात आवडतो कारण पायाला भात्यासारखं, गजासारखं वागता येतं, दर वेळी वेगळ्या वेगाने. तिसरा म्हणजे आपोआप फेड इन करणारं पेडल, बॉसने १९७९ मधे स्लो गिअर नावाचं काढलं होतं, ते नंतर बंद झालं पण त्या जातीची पेडलं आजही मिळतात आणि बऱ्याच मल्टीइफेक्टमधे स्लो अटॅक नाहीतर ऑटो स्वेल अशा नावाने हा इफेक्ट असतोच. त्याची अडचण एकच, आधीचा सूर पूर्ण थांबल्याशिवाय त्याला नवीन सूर सुरू झाल्याचं कळत नाही, त्यामुळे भरभर वाजवलं की तो काही सुरांचा अटॅक, म्हणजे सुरुवातीचा ठोका, तसाच सोडून देतो. पेडल नसेल तर नॉबने सुरू करा, पैसे घालवायची घाई नको.

व्हॉल्यूम पेडल घेताना एक बघा. २५० के आणि २५ के (के म्हणजे किलोओहम, आतल्या रोधाचं माप) असे दोन प्रकार मिळतात, गिटार थेट त्यात लावणार असाल तर २५० के, आणि आधी बॉससारखं बफर (सिग्नल कमजोर न होता पुढे पाठवणारं सर्किट) असलेलं पेडल असेल तर २५ के. चुकून २५ के मधे थेट गिटार घातली तर आवाज एकदम गोधडीखालून आल्यासारखा होतो आणि लोक गिटारला दोष देतात. आणि जागा: कंप्रेसर (लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणतो), ऑक्टेव्ह, फझ (आवाज फाडून खरखरीत करतो) हे सगळं झाल्यावर व्हॉल्यूम पेडल, त्याच्यानंतर कोरस, डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (हॉलमधली गुंज). फझच्या आधी ठेवलं तर पाय वर करताना आवाजाऐवजी फझच कमीजास्त होत राहतो, कधीकधी तेही हवं असतं पण ते पुढे तुतारीच्या वेळी. डिले-रिव्हर्बच्या आधी ठेवायचं कारण असं की तुम्ही पाय खाली घेतला तरी आधीच्या सुराची शेपूट हवेत राहते आणि दोन सुरांमधला खड्डा भरला जातो.

आता पेटी. हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय म्हणून जरा सविस्तर. पेटीत रीडचे, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पात्यांचे, संच असतात, बास, मेल, फिमेल असं पेटीवाले म्हणतात, आणि बास रीड मेलपेक्षा एक सप्तक खाली असते. एक पट्टी दाबली की दोन किंवा तीन रीड एकदम बोलतात. म्हणजे गिटारचा मूळ सूर आणि त्याच्या खालचं सप्तक एकत्र वाजलं की झाली तुमची बास-मेल पेटी. यासाठी पॉलिफोनिक, म्हणजे एका वेळी अनेक सूर झेपणारं, ऑक्टेव्ह पेडल लागतं, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं पॉग आणि त्याची लहान भावंडं यासाठीच प्रसिद्ध आहेत, पण इतर कंपन्यांचीही चालतात. मोनोफोनिक म्हणजे जुनं बॉस ओसी-२ वगैरे एका वेळी एकच सूर ओळखतं, दोन तारा एकदम वाजल्या की ते गोंधळून घरघर करायला लागतं. नॉबची खूण घड्याळाच्या काट्यासारखी धरा: मूळ आवाज बारा वाजता, खालचं सप्तक त्याच्यापेक्षा थोडं कमी, वरचं सप्तक अगदी चवीपुरतं. वरचं जास्त झालं की पेटी जाऊन खेळण्यातला कीबोर्ड येतो.

मग कंप्रेसर, सगळ्यात पुढे, सस्टेन दोन-तीन वाजेपर्यंत, कारण गिटारचा सूर छेडल्या क्षणापासून मरत असतो आणि पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर तस्साच राहतो. मग कोरस, पण स्पीड जवळजवळ शून्यावर आणि डेप्थ कमी. दोन मेल रीड असलेल्या पेटीत दोघी अगदी शंभर टक्के एका सुरात नसतात, त्यांच्यातल्या केसाएवढ्या फरकामुळे आवाजात एक हलकी लहर येते, ती आपल्याला हवी आहे. मल्टीइफेक्टमधे डीट्यून (सूर किंचित सरकवणारा इफेक्ट) असेल तर कोरसपेक्षा ते बरं, पाच ते आठ सेंट ठेवा, सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. इक्वलायझरमधे १५० हर्ट्झच्या खालचं कापा, ४ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, आणि १ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उचला, तिथे तो नाकातला आवाज असतो. पिकअप मानेकडचा.

एवढं केलं की रंग आला. पण पेटी वाटेल की नाही ते तुमच्या डाव्या हातावर आहे. पेटीवर मींड निघत नाही! पट्टी दाबली की तो सूर, सोडली की गेला, मधलं काही नाही. आपल्या गिटारवाल्यांचा हात सवयीने तार ओढतो, शेवटच्या सुरावर व्हायब्रेटो देतो, आणि तिथेच सगळं बिंग फुटतं. बेंड बंद, व्हायब्रेटो बंद, स्लाइड बंद. त्याऐवजी कण घ्या, म्हणजे हॅमर-ऑन आणि पुल-ऑफ (परत न छेडता डाव्या बोटाने ठोकून किंवा ओढून काढलेले सूर), आणि एकदा छेडल्यावर जितके सूर पिक न लावता निघतील तितके काढा. मी आता पिक वापरतच नाही, अंगठ्याच्या मांसल भागाने छेडतो, ठोका आधीच निम्मा होतो आणि बाकीचा पेडल गिळतं.

व्हॉल्यूम पेडलच्या बाबतीत मी सुरुवातीला एक चूक करत होतो, ती आमच्या त्या काकांनीच पुढच्या वर्षी दाखवली. मी प्रत्येक सुराला पाय वर-खाली करत होतो. ते शेजारी बसून ऐकत होते, म्हणाले, "अरे भाता असा प्रत्येक सुराला नाही मारत, हवा भरून ठेवायची आणि ती सांभाळून सोडायची, ओळ संपताना थोडं जास्त." म्हणजे एका ओळीला एक स्वेल. ओळीच्या सुरुवातीला पाय शून्यातून वर, मग साधारण वरच, मधे अगदी थोडं खाली-वर श्वासासारखं, आणि मधले सूर हॅमर-ऑनने. हे बदललं आणि फरक इतका मोठा होता की तेव्हापासून कुठलंही वाद्य काढायचं असेल तर मी आधी ते वाजवणाऱ्याला शोधून त्याचे हात बघतो, नॉबला नंतर हात लावतो.

पट्टीचंही बघून घ्या, भजनाला नाहीतर आरतीला कोणी सी शार्प वगैरे म्हणत नाही, काळी एक म्हणतात. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. काळी एकचा सा-प धरायचा तर पाचव्या तारेचा चौथा पडदा आणि चौथ्या तारेचा सहावा. हा सा-प मागे सतत हवा असेल तर फ्रीझ नावाचं पेडल मिळतं, त्या क्षणाचा आवाज पकडून पाय काढेपर्यंत धरून ठेवतं. तार छेडा, अर्धा सेकंद थांबा म्हणजे ठोका निघून जाईल, मग फ्रीझ दाबा. छेडता छेडता दाबलं तर तो टण् तसाच गोठतो आणि दहा मिनिटं डोकं खातो.

पेटी जमली की ऑर्गन फार लांब नाही, पण कुठला ऑर्गन ते आधी ठरवा. आपल्या संगीत नाटकांत वाजायचा तो पायाने हवा भरायचा ऑर्गन, तो रीडवरच चालतो, म्हणजे वरचीच पेटीची सेटिंग, फक्त खालचं सप्तक जास्त, कोरस अजून कमी आणि हॉलचा मोठा रिव्हर्ब. त्याला रोटरी (फिरत्या स्पीकरची नक्कल करणारा इफेक्ट) लावू नका, मी खूप जणांना लावताना ऐकलंय आणि नाट्यगीत एकदम चर्चमधे नाहीतर क्लबमधे जाऊन बसतं.

रोटरी हवी ती हॅमंडला. हॅमंड ऑर्गन आला १९३५ मधे, त्यात ड्रॉबार असतात, एकेका कीबोर्डला नऊ-नऊचा संच, प्रत्येक ओढला की मूळ सुरावर एक वेगळा सूर चढतो: एक सप्तक खाली, मूळ, वरचा पंचम, वरचं सप्तक, त्याच्या वरचा पंचम, असं करत वर. म्हणून नुसत्या ऑक्टेव्ह पेडलने हॅमंडची चौकट मिळते पण तो शिट्टीसारखा पंचम राहून जातो. तो हवा असेल तर पिच शिफ्टर पंचमावर लावून अगदी कमी मिसळा, किंवा सरळ इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बी-९ नाहीतर सी-९ घ्या, त्यात हे सगळं तयार असतं आणि साध्या गिटारवर चालतं, वेगळा पिकअप लागत नाही.

आणि हॅमंडचा खरा जीव लेस्ली स्पीकरमधे आहे. डॉन लेस्लीने बनवलेल्या त्या लाकडी कपाटात वर एक भोंगा आणि खाली एक ड्रम खरोखर गरागरा फिरतो. हळू असताना मिनिटाला साधारण ४०-५० फेरे, जोरात ३५० ते ४०० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला सहा-सात. रोटरी पेडलवर आकडे असतील तर हेच ठेवा, सेकंदाला एकापेक्षा थोडं कमी आणि साडेसहा. पण दोन्हीपैकी एकावर सोडून देऊ नका, मजा सगळी हळूवरून जोरात जाण्यात आहे, भोंगा हलका म्हणून लगेच वेग घेतो, ड्रम जड म्हणून मागून येतो, आणि ऑर्गनवाले ओळीच्या शेवटच्या कॉर्डवर हा बदल करतात. ओव्हरड्राइव्ह रोटरीच्या आधी आणि अगदी थोडा, खऱ्या लेस्लीतही आधी ट्यूबचा अँप्लिफायर आणि मग फिरणारा भोंगा असाच क्रम असतो.

वाजवताना स्ट्रम नाही. कॉर्डच्या सगळ्या तारा बोटांनी एकदम चिमटीत ओढायच्या, कारण पट्ट्या एकदम दाबल्या जातात, आणि संपवताना डावा हात झटकन सैल, आवाज विरत जाऊ द्यायचा नाही. तीन सुरांच्या वर जाऊ नका.

सारंगी आणि व्हायोलिन हा माझा सगळ्यात लाडका भाग. इथे मींड हवी, म्हणजे पेटीच्या अगदी उलटं. पडदे आडवे येतात, म्हणून काचेचा स्लाइड घ्या, करंगळीत घाला, आणि पडद्याच्या बरोबर वर, तारेला टेकेल इतपतच, दाबायचं नाही. सारंगी वाजवणारे बोटाच्या टोकाने तार दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी तारेला बाजूने टेकवून सरकवतात, त्यामुळे त्यांची मींड इतकी सलग असते, आणि काचेच्या स्लाइडमधे तो गुण आपसूक येतो. स्लाइडच्या मागे दुसरं बोट तारांवर हलकं ठेवा नाहीतर मागच्या बाजूची किणकिण येते.

चेन अशी: कंप्रेसर, फझ, व्हॉल्यूम पेडल, छोटा डिले, रिव्हर्ब. फझ कशाला? गजावर राळ लावलेली असते, ती तारेला पकडते, सोडते, पकडते, सोडते, त्यातून तो किंचित खरखरीत, भरपूर हार्मोनिक्सचा आवाज येतो. साफ गिटारला नुसता स्वेल दिला तर बासरीसारखं काहीतरी होतं, गज वाटत नाही. फझचा गेन मात्र आठ-नऊ वाजेपर्यंतच, गिटारचा टोन नॉब तीनवर, पिकअप मानेकडचा. टोन दहावर ठेवून फझ लावला की माशी घोंघावते.

स्वेलची लांबी बदलती ठेवा. सगळ्यांचं एकच चुकतं, प्रत्येक सूर शून्यातून फुगवत आणायचा, सगळे एकाच आकाराचे, मग ते समुद्राच्या लाटांसारखं वाटतं, छान वाटतं पण व्हायोलिन नाही. गज एकदा ओढला की त्यात तीन-चार सूरसुद्धा येतात. तर एक स्वेल, त्यात स्लाइडने तीन सूर, पाय थोडा खाली म्हणजे गज उलटा फिरला, परत वर. काही सूर पटकन, पाय आधीच अर्धा उघडा ठेवून. व्हायब्रेटो सेकंदाला पाच-सहा, आणि सूर लागल्यावर थोड्या वेळाने, लगेच नाही.

ई-बो नावाची हातात धरायची छोटी वस्तू १९७६ पासून मिळतेय, ती चुंबकाने तार सतत हलती ठेवते, पिकची गरजच नाही, सूर हवा तेवढा वेळ चालतो. एका वेळी एकच तार, आणि सूर उभा राहायला किंचित वेळ घेते, पण तो वेळ आपल्या फायद्याचाच आहे. स्लाइड आणि ई-बो एकत्र वापरायला दोन्ही हात बसायला वेळ लागतो, महिनाभर धरा, पण आरतीऐवजी एखादी संथ अभंगाची चाल त्यावर लागली ना की मागचे सगळे महिने वसूल.

सतारीला मात्र वरचं सगळं उलटं करायचं. तिथे ठोका कापला तर काहीच उरत नाही, सतार म्हणजे मिजराबचा (बोटात घालायच्या तारेच्या नखीचा) ठोका आणि त्याच्या मागे उघडत जाणारी जवारी. जवारी म्हणजे घोडीचा माथा रुंद आणि अगदी किंचित गोलसर घासलेला असतो, तार हलताना त्याला घासत राहते आणि हार्मोनिक्स एकामागून एक फुलत जातात. मिरजेत पिढ्यानपिढ्या हे काम करणारे कारागीर आहेत, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय मानांकनही मिळालं, आणि ती जवारी कानसने घासून, परत ऐकून, परत घासून लावतात. हे पेडलमधे आणणं अवघड आहे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं रॅव्हिश सितार आहे, त्यात तरफांचा (खाली आपोआप गुंजणाऱ्या तारांचा) आवाजही वेगळा मिळतो, पण मला विचाराल तर पेडलपेक्षा साधा जुगाड जास्त खरा वाटतो.

जुगाड असा. जुनं व्हिजिटिंग कार्ड नाहीतर पातळ प्लॅस्टिकची बोटभर रुंद पट्टी कापा, ब्रिजच्या सॅडलच्या लगेच पुढे तारांखाली सरकवा, तार जेमतेम टेकेल अशी. कमी टेकली तर काही होत नाही, जास्त टेकली तर सूर मरतो, मधे एक जागा सापडते जिथे तार झणझणते. पट्टी केसभर पुढे-मागे करत शोधा, ट्यूनिंग थोडं सरकतं ते परत लावून घ्या. तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली दोरा घालून हेच करतात, पण गिटारच्या सॅडलची धार अरुंद असल्याने नुसत्या दोऱ्याने भागत नाही. आणि ही गिटारवाल्यांचीही जुनीच कल्पना आहे, १९६७ मधे कोरल इलेक्ट्रिक सितार नावाची गिटार आली ती असल्याच रुंद ब्रिजवर चालायची.

त्यावर कंप्रेसर, थोडासा फ्लँजर (आवाजात घोंगावणारी लाट आणणारं पेडल) अगदी हळू, ब्रिजकडचा पिकअप, आणि छेडायचं ब्रिजजवळ, कडक पिकने. गत एकाच तारेवर वाजवा, सतारीच्या बाजाच्या म्हणजे मुख्य तारेसारखी, पहिली नाहीतर दुसरी. सतारीवर एकाच पडद्यावरून चार-पाच सुरांपर्यंत मींड ओढतात, गिटारवर ०.००९ इंची पातळ तारांच्या सेटमधे दोन सूर आरामात, एक स्वर खाली ट्यून केलं तर आणखी थोडं. मींड वर जातानाच नाही, आधी तार ओढून ठेवून मग छेडा आणि खाली सोडा, सतारीचा तो उतार असाच येतो. आणि न वाजणाऱ्या तारा सा-प मधे मोकळ्या लावून ठेवा, दाबून बंद करू नका, मधे मधे चिकारीसारख्या (सतारीच्या ताल भरणाऱ्या बाजूच्या तारांसारख्या) छेडा, त्या स्वतःहूनही गुंजतात.

ब्रास, म्हणजे तुतारी, ट्रंपेट अशी पितळी फुंकवाद्यं, थोडक्यात, कारण इथे इतिहासच आपल्या बाजूने आहे. १९६२ मधे मेस्ट्रो एफझेड-१ हे पहिलं बाजारात आलेलं फझ पेडल निघालं तेव्हा ते ट्रंपेट, ट्युबा, चेलो असे आवाज काढायला म्हणूनच विकत होते. १९६५ मधे रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने एका रिफला (परत परत येणाऱ्या छोट्या धुनेला) फझ लावला तो नंतर इथे ब्रास येईल या हिशोबाने, आणि तो तसाच राहिला. वाह पेडलचंही (पायाने आवाज वा-वा असा उघड-मीट करणारं) तेच, सुरुवातीच्या व्हॉक्स वाहवर क्लाइड मॅकॉय या ट्रंपेटवाल्याचं नाव होतं.

ट्रंपेटचं मर्म असं की आवाज मोठा झाला की तो जास्त उजळही होतो, १९६० च्या दशकात ज्याँ-क्लोद रिसेने बेल लॅबमधे कॉम्प्युटरवर ट्रंपेट तपासून हेच दाखवलं. म्हणून फझच्या नंतर एन्व्हलप फिल्टर (आवाजाच्या जोराप्रमाणे उजळपणा बदलणारं पेडल) ठेवा, रेझोनन्स कमी, दिशा वरची. पण फझ सगळं एकाच उंचीचं करून टाकतो, फिल्टरला चढ-उतार मिळत नाही, तर इथे तो व्हॉल्यूम पेडल फझच्या आधी आणा, म्हणजे पाय वर करताना आवाजाबरोबर उजळपणाही चढतो. स्वेल अगदी छोटा, डोळा मिटेपर्यंत उघडलेला. एका वेळी एकच सूर, फझमधे कॉर्ड घातली की चिखल. तीन ट्रंपेट हवे असतील तर तीन वेळा रेकॉर्ड करा. आणि श्वास घ्या, खरंच घ्या, ओळ म्हणताना तोंडाने हवा सोडत वाजवा आणि ती संपली की थांबा. न थांबता दोन मिनिटं चालणारा ट्रंपेट कोणालाच पटत नाही.

आता जिथे अडतं ते. ऑक्टेव्ह, सिंथ, ऑर्गन ही पेडलं आधी येणारा सूर क्षणभर ऐकतात मग आवाज बनवतात. खालच्या ई तारेचं एक आंदोलन पूर्ण व्हायला १२ मिलिसेकंद लागतात, वरच्या मोकळ्या ई ला तीनच, त्यामुळे खालच्या तारांवर पेडल मागे पडल्यासारखं, कधी अडखळल्यासारखं वाटतं. पाचव्या पडद्याच्या वर वाजवा, ऑक्टेव्ह खाली आणायचं काम पेडलवर सोडा. कंप्रेसर सोडून काहीही त्या पेडलच्या आधी नको, कोरस-डिले आधी आला की त्याला एकाऐवजी दोन-तीन सूर ऐकू येतात. न लागणाऱ्या तारा तळहाताने बंद (सतार सोडून).

पॉवरचं पण बघा. बरीच पेडलं ९ व्होल्टवर चालतात आणि मधला पिन निगेटिव्ह असतो, पण डिजिटल पेडलला १०० मिलिअँपिअरच्या वर लागू शकतात, साध्या फझला पाच-दहाही पुरतात. एकाच स्वस्त अॅडॉप्टरवरून सगळी जोडली की शिट्टी आणि गूं येतो, आणि कंप्रेसर वर असल्यामुळे तो गूं दुप्पट ऐकू येतो. आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक पेडलला वेगळी, एकमेकांपासून तोडलेली वीज देणारा) घ्या, पेडलांच्या आधी घ्या. घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे ना तेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

शेवटी तपासायचं कसं. आपण वाजवताना आपल्याला माहीत असतं की ही पेटी आहे, म्हणून पेटीच ऐकू येते. फोनवर रेकॉर्ड करा, तबल्याचा नाहीतर ढोलकीचा ठेका मागे असू द्या कारण एकटं वाद्य जास्त उघडं पडतं, आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या कोणालातरी न सांगता ऐकवा, काय वाजतंय विचारा. गिटार म्हणाले तर नेमकं कुठे कळलं ते विचारा आणि तो सेकंद लिहून ठेवा. माझ्या बाबतीत ती जागा बहुतेक वेळा एकच निघाली, सुराची सुरुवात नाही, ती तर पेडलने झाकलेली, दोन सुरांमधे जाड तारेवरून बोट सरकतं तो चिर्र आवाज, जो कंप्रेसर अजून मोठा करतो. त्याला फ्लॅटवाउंड (बाहेरून सपाट, गुळगुळीत गुंडाळलेल्या) तारा लावा, किंवा वरच्या तीन साध्या तारांवरच राहा, आणि जागा बदलताना बोट घासत नेऊ नका, पूर्ण उचलून पुढच्या पडद्यावर ठेवा, पाय त्या क्षणी किंचित खाली, मग परत रेकॉर्ड करा.